तिल्दाचा फोटो

एकनाथ मठकर शुक्रवारी सकाळी माझ्या दारात उभा राहिला, तेव्हा त्याच्या हातात नेहमीसारखं रोप नव्हतं. तो बरक्याला एका अरबाच्या शेतावर देखरेखीला आहे. तीन वर्षांपूर्वी मी त्याच्याकडून गच्चीसाठी लिंबाचं कलम घेतलं होतं, तेव्हापासूनची आमची ओळख. मी मस्कतजवळ सीबला राहते आणि इंडियन स्कूलमध्ये इंग्रजी शिकवते.

“बाई, एक पत्र लिहून हवंय. इंग्रजीत,” तो म्हणाला. “पण आधी सगळं ऐकून घ्यावं लागेल. ऐकल्यावर लिहावंसं वाटलं नाही तर नका लिहू.”

मी चहा ठेवला. त्याने तो घेतला नाही. दोन तास बोलत होता. त्याने सांगितलं ते असं.

एकनाथ वेंगुर्ल्याजवळच्या मठ गावचा. दहावीनंतर शाळा सुटली, मग तो रोपवाटिकेत रोजावर लागला आणि तिथेच आंब्याचं कलम बांधायला शिकला. त्याचा हात असा बसला की त्याने बांधलेल्या शंभर कलमांतली नव्वद जगायची. तरी गावाकडे त्याला कोणी कारागीर म्हटलं नाही, माळीच म्हटलं. बत्तिसाव्या वर्षी तो मस्कतला आला. पहिली चार वर्षं रस्त्याकडेच्या हिरवळींना पाणी घालण्यात गेली. मग बरक्याच्या शरीफ अर्बाबांनी, म्हणजे त्याच्या आताच्या मालकांनी, त्याला आपल्या शेतावर आणलं. खजूर, लिंबं, केळी, थोडे आंबे आणि तबेल्यात पाच घोडे. शेताच्या मधोमध एक मोठं पांढरं घर होतं, ते अर्बाब भाड्याने देत असत. एकनाथची बायको अस्मिता आणि मुलगी पूर्वा गावीच राहिल्या.

तीन वर्षांपूर्वीच्या थंडीत त्या घरात एक गोरं कुटुंब राहायला आलं. नवरा, बायको आणि आठ वर्षांची मुलगी. अर्बाबांनी एकनाथला बाजूला घेऊन त्यांच्या हिंदीत सांगितलं, “बड़े घर के लोग हैं. कोई पूछे तो बोलना, जानवरों की डॉक्टर है. बस.”

बायको जनावरांची डॉक्टर होतीच, हे खोटं नव्हतं. लिओनी मॅडमनी आल्या आठवड्यातच अर्बाबांच्या लंगड्या घोडीचा खूर कोरून बरा केला. पण त्याशिवाय ती राजकन्याही होती. युरोपातलं तिचं राज्य नकाशावर तांदळाचा दाणा ठेवला तर झाकून जाईल एवढं लहान. त्याचं नाव एकनाथला आजही धड उच्चारता येत नाही. तिचे वडील तिथले राजे. त्यांच्यानंतर गादी थोरल्या भावाची. राजवाड्यात साठ खोल्या, पण हिवाळ्यात चारच खोल्या गरम ठेवायचे आणि सगळं राजघराणं त्या चार खोल्यांत दाटीवाटीने राहायचं, असं ती हसत सांगायची. तिने लग्न केलं ते एका शाळामास्तरांच्या मुलाशी. हेन्रिक त्याचं नाव. तो दगडांचा अभ्यास करायचा आणि ओमानच्या डोंगरातले दगड त्याला सोन्याहून प्यारे होते. पण ते इथे आले ते दगडांसाठी नाही, मुलीसाठी.

मुलीचं नाव तिल्दा. सातव्या वर्षी तिचे केस गळायला लागले. आधी चकत्या पडल्या, मग सहा महिन्यांत डोकं, भुवया, पापण्या, सगळंच गेलं. जिवाला काही धोका नाही, केस परत येतील किंवा येणार नाहीत, असं डॉक्टरांनी सांगितलं. घर साधं असतं तर गोष्ट तिथेच संपली असती. पण त्या देशात वर्षातून एकदा राजघराणं सज्जात उभं राहतं आणि खाली सगळी प्रजा झेंडे हलवते. त्या वर्षी तिल्दा टोपी घालून उभी राहिली. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांनी विचारलं, टोपी का? आठवडाभरात त्यांनीच उत्तरही छापलं की मुलीला असाध्य रोग आहे. लोकांनी राजवाड्याच्या फाटकाशी मेणबत्त्या लावल्या, बाहुल्या ठेवल्या. तिल्दाने ते खिडकीतून पाहिलं आणि आईला विचारलं, “मी मरणार आहे का?”

त्यानंतर महिन्याभरात ते बरक्याला आले.

घरात स्वयंपाकाला कुलसुमआपा होती. श्रीवर्धनची, पन्नाशी उलटलेली, विधवा. वीस वर्षं मस्कतच्या घरांत स्वयंपाक केलेली. गावी मुलगा इरफान, सून मुनिबा आणि एक नात. मॅडमनी पहिल्याच दिवशी दोघांना बसवून एक नियम सांगितला. घराचा, मुलीचा फोटो काढायचा नाही. कारण सांगितलं नाही. दोघांनी मान हलवली.

कारण एकनाथला पुढे कळलं आणि तेही मॅडमच्याच तोंडून. मॅडमना कलम बांधणं बघायचं होतं. हिरव्या जाळीच्या सावलीत एकनाथ खालच्या रोपाच्या खुंटाला चीर देत होता आणि ती समोर उकिडवी बसून पाहत होती. बोलता बोलता म्हणाली की ती सात वर्षांची असताना तिचे आजोबा गेले. अंत्ययात्रेत सगळे काळ्या कपड्यांत चालले होते. भाऊ तिच्या कानात काहीतरी कुजबुजला आणि तिला हसू फुटलं. एवढ्यात कोणीतरी फोटो घेतला. ‘दगडाच्या काळजाची राजकन्या’ असं त्याखाली छापलं गेलं. आजोबांवर तिचा फार जीव होता. “तो फोटो अजूनही दरवर्षी कुठे ना कुठे छापतात,” ती म्हणाली. “लग्नातसुद्धा मी तोंड मिटूनच हसले.”

“बाई, हे मला ठाऊक होतं,” एकनाथ मला म्हणाला. “अडाणीपणाने केलं असं म्हणायची सोय नाही माझ्याकडे.”

पहिलं वर्ष फार चांगलं गेलं. तिल्दाने दोन महिन्यांत टोपी काढून टाकली. तबेल्यात, केळीच्या बागेत ती बोडक्या डोक्याने हुंदडायची. मजुरांपैकी कोणी वळून बघितलं नाही. त्यांना वाटलं, उन्हाळ्यासाठी केस काढले असतील. एकदा तिची आजी येऊन राहिली, म्हणजे साक्षात राणी. दोन बॅगा घेऊन एकटीच आली आणि सकाळपासून स्वयंपाकघरात कुलसुमआपाशेजारी बसून कोळंबी सोलायला लागली. आपाला तिचं पद माहीत नव्हतं. ती एकनाथला म्हणाली, “ही म्हातारी कामाची आहे बघ. धागा कसा सफाईने काढते!” खरं कळल्यावर आपा तासभर तोंडाला पदर लावून बसली होती.

एकनाथ रोज दहाच्या सुमारास स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी यायचा. आपा त्याला तांदळाची भाकरी आणि रात्रीचं कालवण द्यायची. ती तिच्या बोलीत बोलायची, तो त्याच्या मालवणीत, आणि दोघांचं छान जुळायचं. एकनाथचे वडील गेले तेव्हा विमानाचं तिकीट वेळेत मिळालं नाही. अंत्यविधी त्याने फोनवर पाहिला. त्या दुपारी आपाने गॅस बंद केला, मॅडमना सांगितलं की आज जेवण उशिरा होईल, आणि संध्याकाळपर्यंत त्याच्याजवळ नुसती बसून राहिली.

याच मागच्या दाराच्या पायरीवर बसून आपा रोज सुनेला व्हिडिओ कॉल लावायची. तिल्दा मध्येच येऊन आपाच्या नातीला हात हलवून दाखवायची. मॅडमच्या नियमात हे बसतं की नाही, असा विचार आपाच्या मनातही आला नव्हता. फोटो थोडाच काढतोय आपण?

तिल्दाला एकनाथने कलम बांधायला शिकवलं. तिची पहिली अकरा कलमं वाळली. बाराव्याला महिन्याभराने तांबूस पालवी फुटली. ती कलमाची पिशवी मांडीवर घेऊन मागच्या पायरीवर बसली होती. आपा आतून काहीतरी बोलली आणि तिल्दा मागे वळून खदखदून हसली. डोक्यावर ऊन, गुळगुळीत डोकं चमकत होतं, हातात ती लालसर पानं. एकनाथ पाण्याच्या टाकीजवळ उभा होता. त्याने फोन काढला आणि फोटो घेतला. ना तिल्दाच्या लक्षात आलं, ना आपाच्या.

“मला तो फक्त बघायला हवा होता,” तो म्हणाला. “चार दिवस बघितलाही नुसता.”

पाचव्या दिवशी त्याच्या घरच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर त्याच्या भाच्याचा फोटो आला. धनेश गोव्यात हॉटेलात नोकरीला, तिथे उतरलेल्या कुठल्याशा नटाच्या गळ्यात हात टाकून उभा. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग धनेशच्या वडिलांनी लिहिलं, ‘आमच्या एकनाथाक खजुराच्या झाडाशिवाय कोण भेटता तिकडे?’ त्याखाली हसणाऱ्या तोंडांची रांग लागली. त्यात अस्मिताचंही एक होतं.

एकनाथने तिल्दाचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, ‘ही युरोपची खरी राजकन्या. मी शिकवलेलं कलम.’

दहा मिनिटं त्याला फार बरं वाटलं. पूर्वाने लिहिलं, ‘बाबा, खरंच?’ ती दहा मिनिटं आठवली की अजून लाज वाटते, असं तो म्हणाला. नंतर त्याने फोटो काढून टाकला. पण तोवर धनेशने तो आपल्या फोनमध्ये उतरवून घेतला होता. त्याने नेटवर शोधाशोध करून नाव काढलं, आणि आपल्या पानावर नावासकट, बरक्यासकट टाकला. मामाच्या कौतुकानेच टाकला. एकनाथने फोन करून शिव्या घातल्या तेव्हा त्याने लगेच काढलाही. तोवर तो कुठल्या कुठे पोचला होता. तीन दिवसांत त्या देशातल्या प्रत्येक वर्तमानपत्रात तिल्दाचं डोकं छापून आलं.

मॅडमनी दोघांना व्हरांड्यात बोलावलं. तिच्या हातात छापलेला कागद होता. ती ओरडली नाही. म्हणाली, “हा फोटो आपल्या मागच्या दाराशी काढलाय. भारतातल्या कोणाच्या तरी पानावरून बाहेर गेलाय. मला फक्त खरं हवं. एकनाथ, तू काढलास?”

“नो, मॅडम.”

हे त्याच्या तोंडून विचार न करता गेलं. पण नंतर विचार करायला वेळ होता, आणि तो बोलला नाही.

मॅडमनी आपाकडे पाहिलं. आपा कागदाकडे बघत होती. नाही म्हणायचं सोडून ती म्हणाली, “मॅडम, मी घरी व्हिडिओ लावते. इथेच बसून. बेबी मध्ये येते. कोणी तिकडे स्क्रीनवरून काढला असेल तर… मला नाही माहीत, मॅडम. पण मीच असेन. दुसरं कोण?”

एकनाथ तिच्या शेजारी हातभर अंतरावर उभा होता.

मॅडमनी कागदाची घडी घातली. मग म्हणाल्या, “खरं बोललीस, थँक यू. पण आता मी तुला इथे ठेवू शकत नाही.” अर्बाबांनी आपाला खाबुऱ्याला आपल्या म्हाताऱ्या आत्याच्या घरी कामाला लावलं. जायच्या दिवशी आपा एकनाथच्या खोलीशी आली आणि लोणच्याची बरणी देऊन म्हणाली, “पोरीकडे बघ रे. माझ्या हातून पाप झालं.” आणि ती गाडीत बसली. एकनाथने बरणी उघडलीसुद्धा नाही. भाजीचा टेम्पो चालवणाऱ्या इम्रानला देऊन टाकली.

पुढच्या आठवड्यात फाटकाबाहेर भाड्याच्या गाडीत दोन परदेशी माणसं लांबलचक कॅमेरे घेऊन बसायला लागली. अर्बाबांनी त्यांना दोनदा हाकललं, ती तिसऱ्यांदा आली. तिल्दा घराबाहेर पडेनाशी झाली. पस्तीस डिग्रीत ती लोकरीची टोपी घालून पलंगावर बसायची. एकदा एकनाथ नळ दुरुस्त करायला वर गेला, तेव्हा तिने भिंतीकडे तोंड केलं. तीन आठवड्यांत ते कुटुंब परत गेलं. निघताना मॅडमनी एकनाथचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, “तू आमच्याशी नेहमी चांगलाच वागलास.”

“तेव्हा सांगायला हवं होतं,” मी म्हटलं.

“तेव्हाच सांगायला हवं होतं, बाई. गाडी फाटकातून बाहेर पडेपर्यंत मी मनात म्हणत होतो, आता सांगतो. आता सांगतो.”

चौदा महिने गेले. तो काम करत राहिला. घरी पैसे जात राहिले, फोन होत राहिले. कुटुंबाच्या ग्रुपवर मात्र त्याने पुन्हा काही लिहिलं नाही. अस्मिताने विचारलं तर म्हणायचा, काम वाढलंय. मधूनमधून तो स्वतःचीच समजूत घालायचा की आपाला काम मिळालंय, मुलगी आपल्या घरी आहे, आता बोलून कोणाचं भलं? ही समजूत आठ-पंधरा दिवस पुरायची. मग पुन्हा नवी काढावी लागायची.

मग एक दिवस इम्रान खाबुऱ्याहून टेम्पो घेऊन आला आणि सहज बोलून गेला, “तुझी ती कुलसुमआपा भेटली होती. अरे, तिने घरी बोलणंच टाकलंय. सुनेला मुलगा झाला, ही गेली नाही. सुट्टी मिळत होती तरी गेली नाही. म्हणते, ज्या घराने माझं तोंड काळं केलं तिथे कशाला जाऊ?”

आपा चौदा महिने सुनेला चोर समजत होती, हे एकनाथला तेव्हा कळलं.

दुसऱ्याच सकाळी तो इम्रानच्या टेम्पोत बसून खाबुऱ्याला गेला. आपा मागच्या अंगणात चटईवर बसून तांदूळ निवडत होती. त्याला पाहून तिचा चेहरा फुलला.

“अरे, एकनाथ! ये, ये. वाळलास किती! मुलगी कशी आहे तुझी?”

“आपा, तो फोटो मी काढला होता.”

तिला कळलंच नाही. “कुठला फोटो?”

“तिल्दाचा. टाकीजवळून. घरच्या ग्रुपवर मी टाकला. तुझ्या सुनेने काही केलेलं नाही. तुझ्या फोनमधून काही गेलं नाही. मी केलं.”

आपाचा हात सुपात तसाच राहिला. तिने विचारलं, “त्या दिवशी व्हरांड्यात तू माझ्या शेजारी होतास?”

“हो.”

“आणि मी बोलले ते ऐकलंस?”

“हो, आपा.”

ती उठली. तिने सूप उचलून आत नेऊन ठेवलं आणि पुन्हा बाहेर आली. मारेल असं त्याला वाटलं, आणि मारावं असंही वाटलं.

“पाच वक्ताच्या नमाजात मी त्या पोरीची माफी मागते,” ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण फाटला होता. “पाच वक्त! माझ्या सुनेने कुराणावर हात ठेवून शपथ घेतली आणि मी तिला खोटी म्हटलं. तिचं बाळंतपण तिच्या आईने केलं, मी गेले नाही. नातवाचं तोंड नाही बघितलं मी. तुझ्यापायी. आणि तू काय करत होतास रे? कलमं बांधत होतास?”

एकनाथने खाली बसून तिच्या पायांना हात लावायचा प्रयत्न केला. तिने पाय मागे घेतले.

“माझ्या पाया पडून तुझं काम सोपं करू नकोस. आधी मुनिबाला फोन लाव. आत्ता. माझ्यासमोर. तू सांग तिला.”

त्याने फोन लावला. पलीकडे मुनिबाने नुसतं ऐकून घेतलं. शेवटी ती एवढंच म्हणाली, “अम्मांना फोन द्या.” आपाने फोन कानाला लावला आणि भिंतीकडे तोंड करून रडायला लागली. एकनाथ फाटकापर्यंत गेला तेव्हा आपाने मागून हाक मारली. “आणि मॅडमला कळव. सगळं. माझं नाव धुऊन निघालं पाहिजे.”

म्हणून तो माझ्याकडे आला होता.

मी लिहायला बसले. खरं सांगायचं तर मला त्याची दया आली होती आणि मी हळूच शब्द मऊ करत होते. ‘अनवधानाने’ असा एक शब्द मी घातला. त्याने प्रत्येक वाक्याचा अर्थ विचारला होता, याचाही विचारला.

“अनवधानाने म्हणजे? चुकून? चुकून लिहू नका, बाई. फोटो चुकून निघाला असेल. ‘नो मॅडम’ चुकून नव्हतं.”

मी शब्द खोडला. मग ‘मी गरीब माणूस आहे’ हेही मी लिहिलं होतं, तेही त्याने काढायला लावलं. पत्र अर्ध्या पानाचंच झालं. शेवटी माफीची विनंती लिहायची का, असं मी विचारलं. तो म्हणाला, “लिहा की मी माफी मागतो. द्या असं लिहू नका.”

मॅडमचा पत्ता त्याच्याकडे नव्हता, तो शरीफ अर्बाबांकडे होता. त्यासाठी आधी अर्बाबांना सगळं सांगावं लागलं. त्यांनी पत्र वाचलं. मग म्हणाले, “मैंने कुलसुम को अपनी फूफी के घर भेजा, और दिल में उसको खायन समझा. चौदह महीना.” खायन म्हणजे विश्वासघातकी. त्यांनी पत्र पाठवलं. एकनाथला कामावरून काढलं नाही, पण मोठ्या घराच्या किल्ल्या मागून घेतल्या. त्या त्याच्या कमरेला अकरा वर्षं होत्या.

बारा दिवसांनी उत्तर आलं. अर्बाबांनी ते छापून एकनाथच्या हाती दिलं आणि तो पुन्हा माझ्याकडे आला. मी वाचत गेले आणि मराठीत सांगत गेले.

मॅडमनी लिहिलं होतं की त्याने कळवलं हे बरं केलं, पण काही हरकत नाही असं ती म्हणू शकत नाही. त्या फोटोचा अर्थ त्याला माहीत होता, कारण तिनेच तो सांगितला होता. पुढे लिहिलं होतं, ‘माझाही दोष आहे. जी खरं बोलली तिला मी शिक्षा केली आणि जो नाही म्हणाला त्याचा हात हातात घेतला. लहानपणी माझ्याबद्दल लोकांनी एका फोटोवरून मत बनवलं, आणि मीही कुलसुमबद्दल तसंच केलं. मी तिला आज फोन करते आहे.’

मग तिल्दाबद्दल चार ओळी होत्या. त्या वाचताना मला थांबावं लागलं.

“वाचा, बाई.”

‘तिल्दाला मी तुझं पत्र दाखवलं. ती आता अकरा वर्षांची आहे. ती मला म्हणाली की आजपर्यंत तिला वाटत होतं, हे तिच्यामुळे झालं. तिने टोपी काढली म्हणून कुलसुमला जावं लागलं, असं ती धरून बसली होती. तिने मला हे कधीच सांगितलं नव्हतं.’

एकनाथने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मला वाटलं तो रडतोय, पण तो नुसता बसला होता. खाली रस्त्यावरून शाळेची बस गेली, शेजारच्या घरात कुकरच्या शिट्ट्या झाल्या. मग तो म्हणाला, “मला वाटायचं, सगळं मी एकटा वाहतोय. त्याचाच त्रास वाटायचा मला, बाई. ती पोर तिकडे…”

पत्रात शेवटी लिहिलं होतं की पुढे पत्रव्यवहार ठेवायची तिची इच्छा नाही. खाली सही होती, नुसतं लिओनी.

मॅडमनी कुलसुमआपाला खरंच फोन केला. अर्धा तास बोलल्या. तिकडे येऊन राहशील का, असं विचारलं. आपा म्हणाली, थंडी सोसवणार नाही, पण फोन करत जा. तिल्दाही बोलली तिच्याशी. काय बोलली ते आपाने कोणाला सांगितलं नाही.

त्या रविवारी एकनाथने अस्मिताला आणि पूर्वाला फोनवर सगळं सांगितलं. अस्मिता म्हणाली, “जाऊ दे, आता झालं ते.” पूर्वा पंधरा वर्षांची आहे. तिने फोन आईकडे दिला आणि पुढचे दोन आठवडे बाबांशी बोलायला आली नाही. तो तिच्यावर रागावला नाही.

आपाची सुट्टी मंजूर झाली. तिला विमानतळावर सोडायला कोण जाईल, हा प्रश्न निघाला तेव्हा एकनाथने अर्बाबांची पिकअप मागून घेतली. खाबुऱ्यापासून दीड-दोन तासांचा रस्ता. आपा पुढे त्याच्या शेजारीच बसली. नातवासाठी घेतलेली पिशवी तिने मांडीवर घट्ट धरून ठेवली होती. सुवैक मागे पडलं, मुसन्ना मागे पडलं, बरक्याचा पूल आला. ती सगळा वेळ तोंड वळवून डोंगराच्या बाजूला बघत होती.

विमानतळावर त्याने बॅगा ट्रॉलीवर चढवल्या. आपाने ट्रॉलीचा दांडा हातात घेतला.

“मुनिबा म्हणाली, तू नंतर पुन्हा एकदा फोन केलास. इरफानशीही बोललास.”

“हो.”

“ते बरं केलंस.” तिने नातवाची पिशवी ट्रॉलीवर ठेवली. “पण माझं मन अजून साफ नाही, एकनाथ. उगाच साफ आहे असं मी म्हणणार नाही. खोटं बोलल्याने काय होतं ते बघितलंय आपण सगळ्यांनी.”

“नको म्हणूस, आपा.”

“चाळीस दिवसांनी परत येणार आहे. तेव्हा बघू.” आणि ती ट्रॉली ढकलत आत गेली. काचेचं दार दोनदा उघडलं, दोनदा मिटलं. तिने मागे वळून पाहिलं नाही.

एकनाथने परत येताना वाटेत सीबला माझ्याकडे गाडी थांबवली, तेव्हा त्याने मला हे सांगितलं. त्या दिवशी त्याने चहा घेतला. निघताना त्याने कॅलेंडर मागितलं आणि भिंतीपाशी उभं राहून, बोटावर मोजत, चाळिसावा दिवस कुठल्या वारी येतो ते पाहिलं. मंगळवार येत होता.

“मंगळवारी मार्केटला माल न्यायचा असतो,” तो स्वतःशीच म्हणाला. “इम्रानला सांगून ठेवतो, त्या दिवशी माल तू ने म्हणून.”